आधी गोडी की आधी हात?

सर, नमस्कार.

मी कुपवाडला राहते. वय २२. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि गेले नऊ महिने एमआयडीसीत एका लहान कंपनीत व्हीएमसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या यंत्रावर आहे. पगार हातात चौदा हजार. काम म्हणजे जॉब (कापायचा धातूचा तुकडा) लावायचा, दार ओढायचं, सायकल स्टार्ट दाबायचं, जॉब काढायचा, मोजायचा, पुढचा लावायचा. शिफ्ट संपेपर्यंत हेच.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला एक वक्ते आले होते. म्हणाले, तुमचं पॅशन ओळखा, पैसा मागून येतो. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. मला फोटो काढायला आवडतात. जुना कॅमेरा घेतलाय. मामेबहिणीच्या लग्नात काढलेले फोटो सगळ्यांना आवडले. इन्स्टाग्रामवर तीनेक हजार लोक आहेत. माझी एक मैत्रीण पुण्यातली नोकरी सोडून पूर्णवेळ रील्स करते. ती म्हणते, घाबरत राहिलीस तर जन्मभर बटणच दाबशील.

बाबा टेलर आहेत. त्यांचं एकच, 'आधी हातात कसब येऊ दे, आवडीचं मग बघू.' भाऊ बारावीला आहे. माझ्या पगारातले आठ हजार घरात जातात.

खरं सांगायचं तर फोटोग्राफी हे माझं पॅशन आहे, की मशीनचा कंटाळा आलाय म्हणून ती आवडतेय, हेही मला कळत नाही. नोकरी सोडू का?

– ना इकडची ना तिकडची, कुपवाड

प्रिय कुपवाडकर,

तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात वर हवं होतं. खरी अडचण तिथे आहे, बाकीचं त्याच्या मागेपुढे आलंय. पण 'नोकरी सोडू का' याचं उत्तर आधी देऊन टाकतो, नाहीतर तू तेवढंच शोधत खाली जाशील. आज सोडू नकोस. मात्र आहेस तशीही राहू नकोस. नऊ महिने नुसतं सायकल स्टार्ट दाबणं हे ना आवडीचं काम, ना कसबाचं. बाबा म्हणतात ते 'हातात कसब येणं' तुझ्या बाबतीत अजून सुरूच झालेलं नाही, आणि बाबांना बहुधा हे माहीतही नसेल. त्यांना वाटत असणार, पोरगी मशीनवर आहे म्हणजे शिकतेय.

मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक होतो. फिटर ट्रेड. दर वर्षी नवी बॅच यायची तेव्हा मुलांना वाटायचं, आता मशीन चालवायला मिळणार. आम्ही त्यांच्या हातात एक कानस आणि माइल्ड स्टीलचा एक ओबडधोबड तुकडा द्यायचो. हा सपाट कर, एवढंच सांगायचो. तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, पाय नीट रोवायचे, पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना हात हलका सोडायचा. ऐकायला सोपं. पण दोन हातांचा तोल जरा हलला की कानस झोपाळ्यासारखी डुलते आणि तुकडा मधे फुगलेला, कडेला उतरलेला निघतो. मग त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, उभा धरून उजेडाकडे बघायचं. पात्याखालून उजेड दिसला, की परत घास. चार दिवसांनी तळहाताला फोड येतात. पंधरा दिवसांनी निम्मी मुलं घरी जाऊन सांगतात, 'तिथं काही शिकवत नाहीत, नुसतं लोखंड घासायला लावतात.' एकदा एका मुलाचे वडील भांडायला आले होते. एवढी फी भरली ती याच्यासाठी का, म्हणाले.

एकतीस वर्षांत मला कानशीचं पॅशन असलेला एकही मुलगा भेटला नाही. मला तरी कुठे होतं? घरी कॉलेज परवडत नव्हतं म्हणून मी आयटीआयला गेलो, दुसरं काही कारण नाही.

पण महिन्या-दीड महिन्याने एखाद्या दुपारी कुणीतरी गुण्या धरतो आणि खालून उजेड येत नाही. त्याचा विश्वास बसत नाही. तो गुण्या फिरवून धरतो, तिरका धरतो, खिडकीपाशी जाऊन धरतो. मग शेजारच्याला दाखवतो. मग मला. मी मुद्दाम 'बरं आहे' एवढंच म्हणायचो. त्या दिवसापासून तो पोरगा सुटीची घंटा झाली तरी व्हाइस सोडायचा नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मोजायचं सोडून दिलं. सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगतो. काहींना शेवटपर्यंत गोडी लागली नाही. ते पास झाले आणि भलतीकडेच गेले, त्यांचंही वाईट झालं नाही. पण ज्यांना लागली त्यांना हात बसल्यावर लागली.

आपली भाषाच बघ. गोडी 'लागते'. छंद 'जडतो'. आवड 'निर्माण होते'. नाद 'लागतो', वेड 'लागतं', ध्यास तर 'घ्यावा' लागतो. यातलं काहीही आपल्याकडे 'सापडत' नाही. घरात कुठेतरी हरवलेली किल्ली शोधावी तसं स्वतःचं पॅशन शोधत बसायचं, ही कल्पना आपल्या क्रियापदांना ठाऊकच नव्हती. ती बाहेरून आली आणि तुमच्या पिढीच्या मानेवर बसली. तुझ्यासारखी किती पत्रं येतात सांगू? 'माझं पॅशन कोणतं तेच कळत नाही, माझ्यात काही कमी आहे का?' बाविसाव्या वर्षी कुणाला असं काही सापडलं नसेल, तर त्यात बिघडलं काय? कशाचाच पुरेसा सराव झालेला नाही, मग कशाची गोडी लागणार?

तुझ्या त्या वक्त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण एक माणूस मला आठवतो, आणि तो तुझ्या शेजारचाच आहे. मिरज-पुणे गाडीत बसलीस की किर्लोस्करवाडी लागते. ती ज्यांनी वसवली त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी कळलं, की त्यांना सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत, डोळ्यांत अंशतः रंगांधळेपणा आहे. चित्रकाराला याहून वाईट बातमी कोणती असेल? त्यांना त्या दिवशी कुणी म्हणालं असतं, 'पॅशन सोडू नकोस', तर काय उपयोग होता त्याचा?

रंग सुटले, पण रेघ हातात राहिली. यंत्रांच्या आरेखनाला रंग लागत नाहीत. ते त्यांनी पक्कं केलं आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवायची नोकरी मिळवली. आज आपण जिला व्हीजेटीआय म्हणतो तीच ही संस्था. तिथल्या कार्यशाळेतली यंत्रं समजून घेता घेता यंत्रांचा नाद लागला. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी बेळगाव गाठलं. भावाबरोबर सायकली विकल्या, दुरुस्त केल्या. मग कडबा कापायची यंत्रं. मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना उभा राहिला, तो असा वळसे घेत घेत.

ही गोष्ट 'आवड सोडा आणि मोठे व्हा' म्हणून नाही सांगितली. मला त्यातली ती रेघ महत्त्वाची वाटते. आवडीची वाट बंद झाली त्या दिवशी हातात काहीतरी येत होतं, म्हणून दुसरी वाट फुटली आणि त्या वाटेवर दुसरी आवड भेटली. हात रिकामा असता तर नुसतं दुःखच उरलं असतं.

एवढं वाचून तुझे बाबा खूश होतील. त्यांना थोडं थांबायला सांग, कारण 'आधी कसब' हेही पूर्ण खरं नाही.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कसब होतंच की. सुताराच्या पोराला सुतारकाम, कुंभाराच्या पोराला चाक, चांभाराच्या पोराला रापी. बारा बलुतेदारांच्या घरी हातांना तोड नव्हती. पण 'तुला काय करावंसं वाटतं?' हा प्रश्न त्यांतल्या कुठल्या पोराला कुणी विचारला? आणि पोरीला तर अजिबातच नाही. तू आज मला हा प्रश्न विचारतेस, हीच केवढी मोठी गोष्ट आहे. 'पॅशन'च्या भाषणबाजीला मी हसतो, पण माणसाला स्वतःचं काम निवडता यावं या मागणीला हसलो तर माझं चुकेल.

शिवाय कसबंही मरतात. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारी माणसं मी पाहिली आहेत. उलट्या अक्षरांची ओळ आपण सुलट वाचतो त्याहून वेगाने वाचायची. ऑफसेट आलं, मग संगणकावर अक्षरजुळणी आली आणि काही वर्षांत त्या बोटांना काम उरलं नाही. त्यांची मेहनत कमी पडली नव्हती. तेव्हा एकच कसब छातीशी धरून डोळे मिटून बसलं की सगळं ठीक होतं, असं मी तुला सांगणार नाही.

आणि माझाही एक हिशेब द्यायचा राहिलाय. एक मुलगा होता, वर्कशॉपच्या वहीत ड्रॉइंगच्या कडेला माणसांचे चेहरे काढायचा. माझासुद्धा काढला होता, चश्म्यासकट. मी सगळ्यांसमोर झापलं आणि वही फाडून नवी करायला लावली. वीसेक वर्षांनी एका एसटी स्टँडवर तो भेटला. चांगल्या नोकरीत होता, बायको-मुलं बरोबर होती, पाया पडला. मी विचारलं, 'अजून चित्रं काढतोस का रे?' हसत म्हणाला, 'तुम्हीच बंद केली ना सर.' गमतीत म्हणाला. मला ती गंमत अजून पचलेली नाही.

आता तुझ्या मशीनकडे येऊ.

तुझ्यासमोर एक पडदा आहे आणि त्यावर यंत्राला हुकूम देणाऱ्या ओळी सरकत असतात. जी झिरो वन, एम झिरो सिक्स, शेवटी एम थर्टी. त्या वाचतेस का? डिप्लोमाला शिकलेली असणारच. जॉब लावल्यावर जी फिफ्टीफोरचा झिरो, म्हणजे मापं जिथून धरायची तो बिंदू, कुणी घेतला? जॉबच्या कोपऱ्यावर घेतला की मध्यावर, आणि का? इन्सर्ट (कापणारी धार) झिजलाय हे तुला सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, येऊन सांगतो, की कापण्याचा आवाज बदलला म्हणून तुझं तुला कळतं? माप वीस मायक्रॉन वाढलं तर ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, तू देतेस की हाक मारतेस? यातलं एकही तुझ्या हातात नसेल तर तुझा कंटाळा अगदी रास्त आहे. पण तो यंत्रकामाचा कंटाळा नव्हे. यंत्रकाम अजून तुला भेटलेलंच नाही, तू दारावरचा पहारा करते आहेस.

ऑपरेटर, सेटर, प्रोग्रॅमर अशी ही शिडी असते. पहिल्या पायरीवर माणूस फार दिवस ठेवला की तो हमखास कंटाळतो, आणि मालकाला ते सोयीचं असतं. सेटर हा प्राणी बाहेरून खडूस असतो, पण त्याला त्याचं काम विचारलं की खुलतो, हा माझा अनुभव. उद्यापासून शिफ्टच्या अर्धा तास आधी जा. सेटिंग चालू असेल तिथे उभी राहा. आधी नुसतं बघ. मग डायल गेज धर, मग झिरो घेऊ दे म्हण. एक छोटी वही ठेव आणि त्यात रोज एकच गोष्ट लिही, आज कोणता जॉब रिजेक्ट झाला आणि का. 'का' लिहिता आलं नाही तर विचार. चार महिने हे कर.

'मुलींना सेटिंग झेपत नाही, व्हाइस जड असतो' असं म्हणणारा कुणीतरी तुला भेटेलच. ते मशीनचे व्हाइस पुरुषही एकट्याने उचलत नाहीत, दुसऱ्याला हाक मारतात नाहीतर चेन ब्लॉक लावतात. तेव्हा ते ऐकून सोडून दे. पण चार महिने मागे लागूनही कंपनी तुला पहिल्या पायरीवरून हलवत नसेल, तर मात्र बाहेर बघ. कुपवाड, मिरज, शिरोली, गोकुळ शिरगाव, यंत्रं तिथेही आहेत. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे सीएनसी आणि कॅड-कॅमचे कमी मुदतीचे कोर्सही असतात. आणि डिप्लोमावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे तुला माहीतच असेल. यातलं काय करायचं ते आत्ता ठरवायची गरज नाही.

कॅमेऱ्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिथे तू स्वतःला फसवायची शक्यता जास्त आहे.

मामेबहिणीच्या लग्नातले फोटो चांगले आले यात शंका नाही. पण तिथे तुझ्यावर जबाबदारी कसली होती? हवा तो फोटो काढलास, नको तो सोडलास, मधे जेवून आलीस. ठरलेल्या फोटोग्राफरला ती मुभा नसते. मंगलाष्टका संपून अंतरपाट खाली जातो तो क्षण एकदाच येतो. नेमका त्याच वेळी कुणा काकांचा मोबाइल तुझ्या लेन्सच्या आडवा येतो. काकांना बाजूला तर करायचंय आणि दुखवायचंही नाही. मग रात्री घरी येऊन दोन ठिकाणी कार्ड उतरवून ठेवायची. दोन-तीन हजार फोटोंतून तीनशे काढायचे. अल्बम लावायचा. मग मुलाकडचे म्हणणार, आमच्याकडची माणसं कमी दिसतात. उरलेले पैसे मागायला चार चकरा. आणि आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ नाहीतच, त्या चार महिन्यांत घरात आठ हजार कुठून द्यायचे हे आधीच्या सीझनमध्येच बघून ठेवायचं.

तुला फोटो काढायला आवडतात. फोटोग्राफरच्या कामात फोटो काढणं थोडंच असतं. प्रत्येक धंद्याची एक कानस असते. रोजची, कंटाळवाणी, फोड आणणारी. कुठलं काम आवडतं यापेक्षा कुठल्या कामाची कानस आपल्याला सोसते, हे बघणं माझ्या मते जास्त खात्रीचं. तीनशेव्या फोटोचा रंग दुरुस्त करताना रात्री एक वाजता तुला चीड येते, की अजून जरा नीट करू असं वाटतं? हे आत्ता तुला माहीत नाही. मलाही नाही. ते कुठल्याही ऑनलाइन चाचणीतून कळायचं नाही.

म्हणून असं कर. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. सांगली-मिरजेत ज्याचं काम तुला आवडतं अशा एखाद्या फोटोग्राफरकडे जा आणि साप्ताहिक सुटीला त्याच्या हाताखाली येते म्हणून सांग. तुझा कॅमेरा घरी ठेव. लाइट धर, बॅटऱ्या बदल, कार्ड उतरव, अल्बमला त्याच्या शेजारी बस. सात-आठ लग्नं अशी काढ. पैसे किती मिळतील याचा विचार करू नकोस, पण फुकटही करू नकोस. जाण्या-येण्याचं आणि वर काहीतरी माग. फुकट करणाऱ्याला कुणी शिकवत नाही, राबवून घेतात. सीझन संपल्यावर स्वतःला विचार. आणि त्या फोटोग्राफरलाही विचार, की पुढच्या वर्षी पगार देऊन ठेवाल का. लाइक देणाऱ्या तीन हजारांपेक्षा त्या एकाचं उत्तर जास्त कामाचं.

एक जाता जाता. एमआयडीसीतल्या कंपन्यांना आपल्या मालाचे फोटो लागतात आणि चकचकीत धातूचा फोटो काढणं महाकठीण असतं, सगळी खोली त्यात दिसते. तुझ्या मशीनवरून उतरलेला एखादा जॉब घेऊन बघ एका रविवारी. मालकाला विचारून घे बरं का, नाहीतर भलतंच व्हायचं. यातून धंदा होईल असं मी म्हणत नाही. पण ज्याला कुठली कड मशीनने काढलीय आणि कुठली हाताने हे कळतं, त्याचा फोटो वेगळा येईल असं मला वाटतं.

तुझ्या मैत्रिणीबद्दल काही बोलणं बरं नव्हे, तिला मी ओळखत नाही. फक्त तिला एकदा सरळ विचार, गेल्या तीन महिन्यांत खरोखर किती आले आणि खोलीचं भाडं कोण भरतं. मैत्रीण असेल तर खरं सांगेल.

कारण उडी घेणाऱ्यांच्या गोष्टीत एक माणूस नेहमी चौकटीबाहेर राहतो. दादासाहेब फाळक्यांचंच घे. चाळिशीत सगळं सोडून सिनेमाच्या मागे लागलेला वेडा माणूस, अशी त्यांची गोष्ट सांगतात. वेड होतंच. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला कॅमेरा आणायला गेले. पण तोवर त्यांच्या गाठीशी काय काय होतं बघ. जे. जे. मधली चित्रकला, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यातलं काम, छपाई आणि ब्लॉक तयार करण्याचा धंदा, जादूचे प्रयोगसुद्धा. पंचवीस वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी घासलेला हात होता तो. आणि लंडनहून आल्यावर त्यांनी आधी काय केलं? वाटाण्याच्या दाण्याला अंकुर फुटून तो कसा वाढतो याचं थोडं थोडं चित्रण करून छोटी फिल्म बनवली आणि पैसे घालू शकणाऱ्याला ती दाखवली. आधी नमुना, मग पैसे, मग १९१३ चा चित्रपट.

आणि चौकटीबाहेर होत्या सरस्वतीबाई, त्यांच्या पत्नी. घरातला स्वयंपाक, सगळ्या मंडळींचं जेवणखाण आणि त्यावर कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम. दागिनेही या पायी गेले. फाळक्यांचं वेड इतिहासात आलं. फिल्मची भोकं पाडणारे हात आपल्याला फारसे दिसत नाहीत. म्हणून कुणी 'पॅशनसाठी सगळं सोडलं' असं सांगितलं, की मी मनात विचारतो, ठीक आहे, पण भोकं कोण पाडत होतं?

तुझ्या घरात ती कोण पाडेल? आठ हजार बंद झाले तर बाबा रात्री दोन तास जास्त मशीन चालवतील, की भावाचा क्लास सुटेल, की आई काही बोलणार नाही आणि गप्प राहून निभावेल? हे तुला घाबरवायला विचारत नाही. कधीकधी घर आनंदाने हे करतंही. पण मग ते घराला विचारून, सांगून व्हावं. पॅशनच्या जोरावर त्यांना गृहीत धरून नको. घरातल्या वाट्याचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला पडले, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार, आणि सीझनभराचं हाताखालचं काम झालं, की मग हाच प्रश्न मला पुन्हा विचार. तेव्हा कदाचित मी 'सोड' म्हणेन. कदाचित तूच म्हणशील, की आता सेटिंग यायला लागलंय, जरा थांबते. दोन्हींपैकी काहीही झालं तरी मला आवडेल.

आणि एक काम आज रात्रीच कर. बाबांना विचार, त्यांच्या हातात कैची कधी आली. टेलरच्या दुकानात नवा पोरगा आला की आधी काज-बटण, तुरपाई, मग पायजमे, मग शर्ट. कटिंग सगळ्यात शेवटी, आणि तेसुद्धा वस्ताद राजी झाला तर. तुझ्या बाबांना किती वर्षं लागली, आणि त्या वर्षांत त्यांना कधी पळून जावंसं वाटलं होतं का, हे बहुधा तू त्यांना कधी विचारलेलं नसशील. काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
काका